‘वाहू’चा कॅप्टन मॉर्टन आणि बुयो मारूवरचे पंजाबी जवान

डडली मॉर्टनचं नाव निघालं की लगेच दोन गट पडतात, एकाला तो दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन नेव्हीचा सगळ्यात भारी पाणबुडी कॅप्टन वाटतो, दुसऱ्याला सरळ युद्धगुन्हेगार. भांडण मुख्यतः एकाच दिवसावरून, 26 जानेवारी 1943. पण त्या दिवसाआधीचं वर्ष बघितलं नाही तर हा माणूस समजतच नाही.

1942 मध्ये अमेरिकन पाणबुड्यांचं काही खरं नव्हतं. युद्धाआधीच्या सरावात पाणबुडी विमानाला दिसली की कॅप्टनची हजेरी घेतली जायची, त्यामुळे दिसायचंच नाही, खोल राहायचं, आवाजावरून टॉर्पेडो सोडायचे हीच सवय अंगात मुरलेली. त्यात मार्क 14 टॉर्पेडोची बोंब. ठरवल्यापेक्षा खोल जायचा, कधी जहाजापाशी पोचायच्या आधीच फुटायचा, आणि अगदी बरोबर काटकोनात जाऊन आदळला तर तो फोडणारी पिन वाकून फुसका निघायचा, म्हणजे जितका नेम चांगला तितका टॉर्पेडो फुकट! वरचे साहेब मात्र बराच काळ कॅप्टन लोकांनाच दोष देत राहिले. त्या वर्षी बऱ्याच कॅप्टनना पुरेसे आक्रमक नाहीत म्हणून बाजूला केलं गेलं. ‘वाहू’ या पाणबुडीचा पहिला कॅप्टन केनेडी त्यातलाच, दोन फेऱ्यांनंतर गेला आणि 31 डिसेंबर 1942 ला ब्रिस्बेनमध्ये मॉर्टनने बोट ताब्यात घेतली.

पहिल्याच फेरीत ऑर्डर होती की जाता जाता न्यू गिनीच्या वेवाक बंदराची टेहळणी करा. गंमत म्हणजे बंदराचा धड नकाशाच बोटीवर नव्हता. एका मेकॅनिकने ऑस्ट्रेलियात शाळेतल्या मुलांचा अ‍ॅटलास घेतला होता, त्यात वेवाक सापडलं, मग कॅमेऱ्याची लेन्स आणि सिग्नलचा दिवा जोडून तो छोटासा नकाशा मोठा करून कागदावर उतरवला, आणि 24 जानेवारीला मॉर्टन बोट घेऊन थेट बंदरात शिरला. टेहळणी म्हणजे लांबून बघणं हे त्याच्या डिक्शनरीत नव्हतंच. तिथे हारुसामे नावाची जपानी विनाशिका वाहूच्या अंगावर धावून आली, आधीचे टॉर्पेडो चुकले, पुढच्या नळ्यांमधला शेवटचा तिला समोरूनच बसला. ती बुडाली असं सगळ्यांना वाटलं, प्रत्यक्षात जपान्यांनी तिला किनाऱ्याला लावून वाचवलं.

माझ्या मते मॉर्टनचं खरं मोठेपण या धाडसात नाहीच, ते पेरिस्कोपपाशी आहे. हल्ल्याच्या वेळी पेरिस्कोपला कॅप्टनचाच डोळा ही रीत, याने तो आपल्या नंबर दोनला, रिचर्ड ओकेनला दिला. स्वतः मागे उभा राहून बोटीची दिशा, वेळ, सगळं चित्र डोक्यात ठेवायचं, कारण जो बघतो तोच घाबरतो किंवा चेकाळतो. ऐकायला साधं वाटतं पण आपल्या हातातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ज्युनिअरच्या हातात द्यायला छाती लागते. ओकेन पुढे ‘टँग’ या पाणबुडीचा कॅप्टन झाला, मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सगळ्यात मोठं लष्करी पदक मिळवलं, जहाजं बुडवण्यात गुरूच्याही पुढे गेला.

आता 26 तारीख. वाहूने एक काफिला गाठला, त्यातलं बुयो मारू हे सैनिक नेणारं जहाज बुडालं. माणसं पाण्यात आणि होड्यांत. मॉर्टनने बोट वर आणली आणि होड्यांवर गोळीबार करायला लावला. त्याचा हिशोब असा की हे सैनिक किनाऱ्याला लागले तर उद्या न्यू गिनीत आपल्याच पोरांवर गोळ्या झाडतील. समोरूनही गोळ्या आल्या असं त्याचं म्हणणं, आणि ओकेनने नंतर सांगितलं की नेम होड्यांवर होता, माणसांवर नाही. पण होडी फोडल्यावर माणूस कुठे जाणार?

आणि त्या पाण्यात फक्त जपानी नव्हते. सिंगापूर पडल्यावर कैद झालेले ब्रिटिश इंडियन आर्मीचे जवान, 16व्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे, त्याच जहाजावर होते. जहाजावरच्या 1,126 पैकी 282 मेले, त्यात 87 जपानी आणि 195 हिंदी. म्हणजे मेलेल्यात दोन तृतीयांशाहून जास्त दोस्त राष्ट्रांच्याच बाजूचे. किती जण टॉर्पेडोने गेले आणि किती गोळ्यांनी, हा वाद वेगळा.

मॉर्टनने यातलं काही लपवलं नाही, होड्यांवर गोळीबार केल्याचं रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं. वरिष्ठांनी वाचलं आणि कोणी जाहीरपणे एक शब्द काढला नाही. वाहू पर्ल हार्बरला पेरिस्कोपला झाडू बांधून शिरली, सगळं साफ केलं म्हणून, आणि मॉर्टनला नेव्ही क्रॉस मिळाला, वर जनरल मॅकआर्थरकडून आर्मीचाही क्रॉस. याच्या शेजारी जर्मन पाणबुडी यू-852 चा कॅप्टन हाइन्झ एक (Eck) याची केस ठेवून बघा. त्याने मार्च 1944 मध्ये पेलेउस या ग्रीक जहाजाच्या तराफ्यांवर गोळ्या चालवल्या, हॅम्बुर्गला ब्रिटिश कोर्टासमोर उभा राहिला आणि नोव्हेंबर 1945 मध्ये त्याला गोळ्या घातल्या. दोन्ही केसेस तंतोतंत सारख्या नाहीत हे मान्य, पण जिंकलेल्या बाजूचा कॅप्टन कोर्टापर्यंत गेलाच नाही हे नाकारता येत नाही. मला तरी मॉर्टनइतकाच दोष त्या गप्प बसलेल्या ऑफिसचा वाटतो, त्यांना त्या वर्षी असाच माणूस हवा होता.

पुढचं पटकन. मार्च 1943 मध्ये पिवळ्या समुद्रातली फेरी जबरदस्त गेली. ऑगस्टमध्ये जपानच्या समुद्रात मात्र टॉर्पेडोंनी इतका दगा दिला की हा भडकून परत आला, नवे इलेक्ट्रिक टॉर्पेडो भरून घेतले आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा तिथेच गेला. ओकेन तेव्हा टँगवर गेलेला. 5 ऑक्टोबरला कोनरॉन मारू ही कोरियाला जाणारी फेरीबोट बुडाली, पाचशेहून जास्त मेले, आणि 11 ऑक्टोबरला जपान आणि रशियाच्या मधल्या ला पेरूझ सामुद्रधुनीतून बाहेर पडताना जपानी विमानं आणि बोटींनी वाहूला गाठलं. एकही वाचला नाही.

युद्धानंतरच्या हिशोबात मॉर्टनच्या नावावर 19 जहाजं लागली. मेडल ऑफ ऑनर त्याला कधीच मिळालं नाही, नेव्ही क्रॉस मात्र चार, आणि त्याच्या नावाची एक विनाशिकाही पाण्यात उतरली. वाहूचा सांगाडा थेट 2006 मध्ये सापडल्याचं अमेरिकन नेव्हीने जाहीर केलं, त्याच सामुद्रधुनीच्या तळाशी.