वाड्याच्या सागाची गिटार

भाच्याला इलेक्ट्रिक गिटार बनवून घ्यायचीय, तीही जुन्या नाशकातल्या पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळईतून. बँडमधल्या कुणीतरी त्याला सांगितलंय, शंभर वर्षांच्या सागात सूर मुरलेला असतो. मुरतं ते लोणचं! तुळईचा खरा गुण एवढाच की ती पुरती वाळलेली असते.

सतारीची गोष्ट वेगळी. तिथे तार घोडीमार्फत, म्हणजे तारेखालच्या टेकूमार्फत, तबलीला (वरच्या पातळ लाकडी फळीला) हलवते आणि तबली हवेला. मिरजेचे कारागीर तूनचं लाकूड पारखून घेतात ते उगाच नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हवेचं काम पिकअप करतो. चुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकाजवळची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबक बनते. ती हलली की वेढ्यांतलं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेचा १८३१ सालचा शोध, शाळेत शिकलेलाच. पिकअपला तारेची हालचाल कळते, लाकडाची जात नाही. १९३२ सालच्या रिकनबॅकर ‘फ्राइंग पॅन’ या इलेक्ट्रिक गिटारची बॉडी तर चक्क ॲल्युमिनियमची होती.

लाकडाचा हात लागतो तो आडवाटेने. तारेची ऊर्जा तिच्या टोकांतून गळते. टोक जितकं हलेल तितकी जास्त. ब्रिजकडचं (गिटारच्या घोडीकडचं) टोक जाडजूड बॉडीवर असतं, ते फारसं हलत नाही. दुसरं असतं लांब, सडपातळ नेकवर, म्हणजे गिटारच्या दांडीवर. नेकला स्वतःच्या कंपनसंख्या असतात. एखाद्या फ्रेटवरचा (नेकवरच्या धातूच्या पट्टीवरचा) सूर त्यातल्या एकीशी जुळला, की नेक ऊर्जा ओढून घेतो आणि तेवढाच सूर चटकन विझतो. वादक त्याला डेड स्पॉट म्हणतात. शिवाय पिकअपची जागा! ब्रिजपासून मोकळ्या तारेच्या पाव लांबीवर चौथ्या संनादी स्वराचा (मूळ सुराच्या चौपट कंपनसंख्येचा) निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, येतो, म्हणून तिथल्या पिकअपला तो स्वर जवळपास ऐकूच येत नाही. पिकअप दोन बोटं सरकवून आवाज जेवढा बदलतो, तेवढा बॉडीचं लाकूड बदलून बदलत नाही.

बॉडीसाठी बघायचं ते वजन. बॉडी चार लिटर धरली तर आल्डर या हलक्या विलायती लाकडाची पावणेदोन-दोन किलो भरते, सागाची अडीचच्या पुढे. दोन तास उभ्याने वाजवणाऱ्याच्या खांद्याला विचारा. म्हणून मी सुचवलं: खाली शिवणीच्या झाडाचं हलकं, कमी वाकणारं लाकूड आणि वर सागाचा पातळ थर. १९५२ च्या लेस पॉल गिटारमध्ये महोगनीवर मेपल होतंच की.

फक्त दोन्ही लाकडांचे तंतू एकाच दिशेने ठेवा. आपला मे कोरडा, ऑगस्ट दमट. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर तेहतीस सेंटिमीटर रुंदीचा साग तंतूंच्या आडव्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंत फुगू शकतो. लांबीत जवळपास शून्य. थर आडवाउभा लावला की सांधा उकललाच समजा. साग तेलकट, तेव्हा ताजा रंधा मारून ॲसिटोनने पुसल्याशिवाय चिकटवू नका. आणि त्याआधी तुळईवर चुंबक फिरवा. काळा डाग दिसेल तिथे मोडका खिळा असण्याची शक्यता मोठी, आणि मिस्त्री पात्याचे पैसे तुमच्याकडूनच घेणार.