अंग दुखलं म्हणजे अंग भरलं का? स्नायूंची वाढ आणि स्नायूंची दुरुस्ती

कोल्हापुरात कुठल्याही जिममध्ये जावा, नाहीतर गंगावेशीकडच्या तालमीत जावा, एक थिअरी हमखास ऐकायला मिळणार. व्यायामाने स्नायू फाटतो, मग रात्री झोपेत जुळतो आणि जुळताना आधीपेक्षा मोठा होतो. त्यामुळं दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या नाहीत तर कालची मेहनत वाया गेली, असा हिशोब. आणि साठीच्या वरच्या माणसाला हीच थिअरी उलटी लावतात, की आता तुमचं लवकर जुळत नाही तर वजन कशाला उचलताय, रंकाळ्याला दोन फेऱ्या मारा आणि गप घरी बसा.

दोन्हीकडं घोळ एकच आहे. स्नायूची वाढ आणि स्नायूची दुरुस्ती ही दोन वेगळी कामं आहेत, शरीरात ती बऱ्याचदा एकाच वेळी चालू असतात म्हणून एकच वाटतात, पण त्यांना सुरू करणारी गोष्ट वेगळी, त्यातले कामगार बऱ्यापैकी वेगळे, आणि म्हातारपण दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी धरतं.

आधी वाढ. आपला हाडाला जोडलेला स्नायू म्हणजे लांबच लांब तंतूंच्या जुड्या, आणि एकेका तंतूत शेकडो केंद्रकं असतात. हा तंतू मोठेपणी स्वतः फुटून दोन होत नाही, त्यामुळं दंड मोठा झाला म्हणजे नवीन तंतू आले असं शक्यतो नसतंय, आहेत तेच जाड झालेत. जाड कशाने होतात तर ताणाने. जड वजन उचललं किंवा हलक्याच वजनाने दमेपर्यंत रेपा (तीच हालचाल परत परत) मारल्या की तंतूला जो खेच बसतो तो खेच आतली एमटॉर नावाची यंत्रणा चालू करतो आणि तंतू स्वतःच प्रथिनं जास्त तयार करायला लागतो. एका चांगल्या व्यायामानंतर हे दिवसभर, कधी दोन दिवस चढं राहतं. प्रथिनं बनणं आणि मोडणं रोजच चालू असतं, बनणं थोडं थोडं वर राहिलं की काही महिन्यांनी शर्टाची बाही घट्ट. यात फाटायची अट कुठंच नाही हे लक्षात घ्या.

आता दुरुस्ती. ही बघायची असेल तर जुलैमधल्या पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेवरून परत आलेल्या लोकांकडं बघा. चढाने दम लागतो, घाम निघतो, पण पाय धरतात ते उताराने. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत भार पेलत असतो आणि अशा कामात तंतूंच्या आतली बारीक रचना जागोजागी विस्कटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं सगळ्यात जास्त, जिना उतरताना कठडा धरून आडवं आडवं उतरायचं, आणि संडासला बसताना तोंडातून काय निघतं ते लिहायला नको. बैठका घालताना खाली जाण्याचा भागही याच जातीचा. (हे लॅक्टिक ॲसिडमुळं होतं असं अजूनही कोणी छातीठोक सांगत असेल तर ते सोडून द्या, लॅक्टेट तासा-दीड तासात रक्तातून साफ होतं, ते परवाच्या दिवशी दुखवायला थांबत नाही.)

साधं विस्कटलेलं असेल तर तंतू आपलं आपण सावरतो. पण इजा मोठी असेल, तंतूचा तुकडाच मेला असेल, तर वेगळी माणसं बोलवावी लागतात. तंतूच्या पातळ आवरणाखाली काही पेशी वर्षानुवर्षं झोपून असतात, त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. अलेक्झांडर मॉरो नावाच्या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. इजा झाली की पहिल्या काही तासांत पांढऱ्या पेशी येऊन मेलेला माल उचलायला लागतात, म्हणून सूज, म्हणून गरमपणा. मग सॅटेलाइट पेशी जाग्या होतात, भराभर वाढतात, काही एकमेकींना आणि जुन्या तंतूला चिकटून नवा तंतू उभा करतात, आणि काही परत झोपायला जातात, पुढच्या वेळेसाठी. हे सगळं पुरं व्हायला काही आठवडे लागतात, एका रात्रीच्या झोपेत उरकणारं काम नाही हे.

पंचगंगेच्या पुरात बसलेली भिंत परत उभी करणं आणि चांगल्या घरावर मजला चढवणं, दोन्हीला सिमेंट-वाळू तीच लागते आणि लांबून बघणाऱ्याला दोन्हीकडं बांधकामच दिसतं, पण भिंत उभी राहिली म्हणून कोणी घर वाढलं म्हणत नाही. तसंच हे.

आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या सॅटेलाइट पेशी मोठेपणी औषध देऊन जवळजवळ काढून टाकता येतात, नव्वद टक्क्यांच्या वर. मग पोटरीच्या एका स्नायूवर दोन आठवडे जादा भार टाकला. स्नायू वाढला, पेशी असलेल्या उंदरांइतकाच वाढला. पण त्याच पेशी नसताना स्नायूला मुद्दाम इजा केली तर दुरुस्ती साफ बोंबलली. म्हणजे वाढ यांच्याशिवाय निदान थोडे दिवस तरी होऊ शकते, दुरुस्ती होऊच शकत नाही. पुढं यावर वाद झाले, दुसऱ्या गटाला पेशींशिवाय वाढही झालेली दिसली नाही, कोवळ्या उंदरात चित्र वेगळं येतं, लांब मुदतीत त्या लागतातच असं काहींचं म्हणणं, तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. दुरुस्तीबद्दल मात्र कोणाचं दुमत नाही.

माणसांवरचा एक प्रयोग मला यापेक्षाही आवडतो कारण तो थेट जिमवाल्यांच्या थिअरीवर बोट ठेवतो. 2016 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी दहा तरुणांकडून दहा आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला आणि मध्ये मध्ये स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. पहिल्या दिवशी प्रथिनं बनण्याचा वेग सगळ्यात जास्त होता आणि मोडतोडही सगळ्यात जास्त, पण त्या वेगाचा शेवटी कोणाची मांडी किती वाढली याच्याशी काही मेळ बसला नाही. तिसऱ्या आठवड्यापासून मोडतोड कमी झाली आणि तेव्हाचा वेग मात्र वाढीशी बरोबर जुळला. म्हणजे सुरुवातीला जेवढा माल येत होता तो दुरुस्तीतच जात होता, दुरुस्ती कमी झाल्यावर वाढीला मिळायला लागला. दुखणं म्हणजे वाढ, हे म्हणणाऱ्याला आता काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

जुन्या वस्तादांना हे प्रयोग माहीत नव्हते पण पद्धत बरोबर होती. नवीन पोराला पहिल्याच दिवशी कोणी हजार बैठका सांगत नाही, आकडा हळूहळू चढवतात. एकदा थोडं दुखून गेलं की तोच व्यायाम पुढच्या वेळी फार कमी दुखवतो, स्नायू त्या कामाला सरावतो, आणि तरीही अंग भरत राहतं. उलट पैजेवर एकदम पाचशे बैठका मारणाऱ्या नवख्याची मांडी इतकी तुटू शकते की स्नायूतला माल रक्तात उतरून किडनीवर ताण येतो. लघवी काळ्या चहासारखी झाली तर हळद-दूध पीत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता वयाकडं येऊ, कारण दोन गोष्टींमधला फरक खरा पैसे वसूल करतो तो इथं.

तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के कमी होतात असा ढोबळ अंदाज सांगतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद तर वजनापेक्षा जास्त वेगाने उतरते. याला सार्कोपेनिया म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की म्हातारपणी झीज भरून निघत नाही, दुरुस्ती बंद पडते, म्हणून स्नायू रोज थोडा थोडा झडतो. ऐकायला पटतं. पण 2015 मध्ये त्याच पद्धतीने उंदरांच्या सॅटेलाइट पेशी तरुणपणीच काढून टाकल्या आणि त्यांना म्हातारं होऊ दिलं, तर त्यांचे स्नायू बाकीच्या म्हाताऱ्या उंदरांपेक्षा जास्त झडले नाहीत. इजा केल्यावर भरून येईना, आणि स्नायूत चिवट तंतुमय जाळं जास्त माजलं, एवढं झालं. म्हणजे रोजची झीज आणि दुरुस्तीची ताकद ही दोन खाती वेगळी निघाली.

मग झीज कशाने? एक म्हणजे मज्जातंतू. वय वाढलं की पाठीच्या कण्यातून स्नायूला हुकूम देणाऱ्या काही पेशी मरतात, त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात, काहींना शेजारची नस सांभाळून घेते, काही वाळून जातात. यात मार जास्त बसतो तो झटक्याच्या कामाच्या वेगवान तंतूंना. पाय घसरल्यावर तोल सावरायला नेमके हेच लागतात. दुसरं म्हणजे ऐकू कमी येणं म्हणतात तसं स्नायूलाच होतं, जेवणातून आलेल्या प्रथिनाला आणि व्यायामाच्या खेचाला तो पूर्वीइतकं दाद देत नाही. आणि तिसरं, जे आपण वयाच्या नावावर खपवतो पण असतं न वापरल्यामुळं. तब्येतीने ठणठणीत अशा वयस्कर लोकांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं तर पायांचा जवळजवळ एक किलो मांसल भाग गेला, असं 2007 च्या एका अभ्यासात मोजलंय. दहा दिवसात काय वय वाढत नाही. आजारी आजोबांना "उठू नका, आम्ही आणून देतो" म्हणणारी प्रेमळ माणसं घराघरात आहेत, त्यांनी हे वाचावं.

दुरुस्तीचं दुखणं वेगळं. सॅटेलाइट पेशी वयाबरोबर कमी होतात, वेगवान तंतूंजवळच्या तर जास्तच, आणि उरलेल्या जाग्या व्हायला कुचराई करतात. पण सगळा दोष त्यांचा नाही. 2005 मध्ये स्टॅनफर्डमध्ये म्हातारा आणि तरुण उंदीर एकमेकांना शिवून दोघांचं रक्त एक केलं तेव्हा म्हाताऱ्याच्या स्नायूची दुरुस्ती चांगलीच सुधारली. पेशी त्याच, भोवतालचं वातावरण बदललं. (तरुण रक्त चढवून घेण्याचे धंदे यावरून कुठं कुठं निघाले, त्या नादाला लागू नका.)

आणि वाढ? ती बंद पडत नाही. 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या 86 ते 96 वयाच्या दहा जणांनी मांड्यांसाठी जड वजनाचा व्यायाम सुरू केला, नऊ जणांनी आठ आठवडे पुरे केले. पायाची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली, मांडीचा स्नायू सुमारे 9 टक्क्यांनी वाढला. ताकद एवढी आणि आकार एवढुसा, कारण सुरुवातीची बरीच ताकद नसा कामाला लागल्याने येते. पण नव्वदीत आकार वाढला हे तरी बघा की.

त्यामुळं रंकाळ्याच्या फेऱ्या सोडू नका, हृदयाला आणि साखरेला त्या चांगल्याच, पण सपाट रस्त्यावर चालून वेगवान तंतूंना हाक जात नाही. त्यांना भार लागतो. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, जमलं तर पाठीवर पिशवी घेऊन, भिंतीला हात टेकून जोर, रबरी पट्टा, आठवड्यातून दोन-तीनदा आणि मध्ये एखाद-दुसरा मोकळा दिवस. ब्लड प्रेशर किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. शेवटच्या दोन-तीन रेपा जड गेल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी दुखलं पाहिजे असं काही नाही, म्हाताऱ्या अंगाला दुरुस्तीचा खर्च मुद्दाम वाढवून द्यायचा कशाला.

खाण्यातही तीच गोष्ट. वयस्कर माणसाला दिवसाला किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं सुचवतात, आणि स्नायू दाद कमी देतो म्हणून एका वेळेला पुरेशी पडायला लागतात, साठ किलोच्या माणसाला एका जेवणात चोवीसेक ग्रॅम धरा. आपल्याकडं सकाळी चहा-बटर, दुपारी भात-आमटी आणि सगळं काही रविवारच्या मटणावर सोडलेलं. त्यातही वाट्यावर वाट्या पांढरा रस्सा, आणि फोडी पोरांच्या ताटात. प्रथिनं फोडीत असतात ओ. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध घेतलं तर वीसेक ग्रॅम तिथंच होतात, अंडी चालत नसतील तर पनीर, उसळ आणि दही जोडीने वाढवा. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हा आकडा परस्पर लावायचा नाही.

बर्फ आणि गोळ्यांचं तेवढं राहिलं. व्यायाम झाला की दरवेळी गार पाण्याच्या टबात बसणाऱ्या तरुणांची वाढ काही महिन्यांत कमी भरते असं 2015 मध्ये दिसलं, आणि रोज 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन (दुखणं आणि सूज कमी करणारी गोळी) आठ आठवडे घेणाऱ्या तरुणांचंही 2018 मध्ये तसंच दिसलं. गंमत म्हणजे साठीच्या पुढच्या लोकांत 2011 च्या एका अभ्यासात गोळी घेणाऱ्यांचीच वाढ जास्त झाली, बहुतेक म्हातारपणी अंगात कायम धुमसणारी सूज तिने शमवली असावी. म्हणून आजोबांना रोज गोळी सुरू करायची का, तर नाही, पोट आणि किडनी त्याची किंमत मोजतात. आणि मैदानात कट्टकन आवाज होऊन मांडीमागं कळ आली, निळं-काळं पडलं, पाय टेकवेना, तर तिथं वाढीचा संबंधच नाही, ती निव्वळ दुरुस्तीची केस. पहिले दोन-तीन दिवस तेल लावून रगडून घ्यायचं नाही, दाखवून घ्यायचं, आणि मग हळूहळू हालचाल सुरू करायची. स्नायू पुरा तुटला नसेल तर तरुण पैलवान महिन्या-दीड महिन्यात परत हौदात उतरेल, साठीतल्याने त्याहून जास्त वेळ धरून चालावं.