थांबता थांबता थरथरणारे पेडल

सोयाबीनची आवक जोरात असताना, औशाजवळ शेती करणाऱ्या आमच्या दाजींनी एक तक्रार सांगितली. त्यांची बारा वर्षे जुनी, सेकंडहँड घेतलेली पिकअप मोकळ्या रस्त्यावर व्यवस्थित थांबत असे. परंतु लातूरच्या मोंढ्यात गर्दीतून रांगत जाताना, गाडी अगदी थांबायच्या बेतात आली की, ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरे, बॉनेटखालून गुरगुर ऐकू येई आणि गाडी थांबण्याऐवजी हात-दोन हात पुढे सरके. एकदा तर पुढच्या हातगाडीला धक्का लागता लागता राहिला. एका गॅरेजात एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, संपूर्ण युनिट बदलावे लागेल असे सांगण्यात आले, तर दुसऱ्या ठिकाणी सरळ फ्यूज काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. दाजींचा प्रश्न साधा होता : "ब्रेक तर लागायलेत, मग मधीच हे काय?"

एबीएस नेमके काय करते हे समजले तर हे कोडे अर्धे सुटते. फिरणारे चाक रस्ता धरून असते, कारण टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो त्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो. ब्रेक जोरात दाबून चाक अडकले की रबर रस्त्यावर घासत जाते, पकड कमी होते आणि, त्याहून घातक म्हणजे, स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जात राहते. डांबरी रस्त्यावर सर्वांत चांगली पकड मिळते ती चाकाची गती गाडीच्या गतीपेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी असताना, आणि चाकाला याच पट्ट्यात ठेवण्याची धडपड ही यंत्रणा करते. एखादे चाक इतरांच्या मानाने एकाएकी मंदावले की त्याच्याकडे जाणारा दाब झडप मिटून रोखायचा, तरीही ते मंदावत राहिले तर दाब थोडा सोडायचा, चाक सावरले की पुन्हा द्यायचा, आणि हे सगळे सेकंदाला दहा-पंधरा वेळा. सोडलेले ब्रेक ऑइल पंप मागे ढकलतो. पेडलची थरथर आणि गुरगुर त्याचीच असते. म्हणजे दाजींच्या गाडीत एबीएस बंद पडलेली नव्हती, ती नको तेव्हा चालू होत होती.

चारही चाकांसाठीची इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास मोटारीसाठी आणली. पिकअपची गोष्ट थोडी निराळी आहे. रिकाम्या पिकअपचे मागचे अंग हलके असल्यामुळे तिची मागची चाके आधी अडकतात आणि गाडी गर्रकन आडवी होते. म्हणून अमेरिकेत फोर्डच्या एफ-मालिकेतील पिकअपमध्ये १९८७ पासून केवळ मागच्या चाकांपुरती एबीएस आली. तिच्यात डिफरन्शियलवरचा (मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरवरचा) एकच सेन्सर, म्हणजे गती मोजणारा भाग, दोन्ही मागच्या चाकांची सरासरी गती सांगतो. तशा जुन्या गाडीत पुढच्या चाकांशी झटापट करण्यात अर्थ नसतो, त्यामुळे आपल्या गाडीला सेन्सर किती आणि कुठे आहेत, हे पाना हातात घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.

जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार. त्याच्यासमोर हबवर किंवा एक्सलवर दात असलेली लोखंडी रिंग फिरते. प्रत्येक दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि तारेत वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले हेच तत्त्व सायकलच्या डायनामोतही असते. टायरचा परीघ २.२ मीटर आणि रिंगला ४८ दात धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण साडेसात फेरे घेते आणि कंट्रोलरकडे, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या छोट्या संगणकाकडे, सेकंदाला सुमारे ३६५ ठोके पोहोचतात. ताशी ५ किलोमीटरला हेच ठोके सुमारे ३० उरतात, आणि डायनामोचा दिवा जसा सायकल हळू झाली की मिणमिणतो, तसा प्रत्येक ठोक्याचा जोरही ओसरतो. सेन्सर आणि दात यांच्यातील फट साधारण एक मिलिमीटरची असते. ती थोडी जरी वाढली, तरी वेगात असताना काही जाणवत नाही. पण गाडी थांबत येताना त्या एका चाकाचा संदेश इतरांच्या आधीच विझतो. कंट्रोलरला दिसते ते असे : तीन चाके ताशी आठच्या वेगाने फिरत आहेत आणि चौथे एकदम शून्यावर आले आहे. चाक अडकले असा अर्थ लावून तो दाब सोडतो. त्याच्या परीने तो चुकत नाही, त्याला मिळालेली बातमी चुकीची असते. अशा वेळी मीटरमधला एबीएसचा पिवळा दिवा बहुधा लागतही नाही, कारण तार तुटलेली नसते आणि संदेश पूर्णपणे थांबलेला नसतो. म्हणूनच हा दोष गॅरेजवाल्यांना चकवतो.

फट वाढते कशी? लोखंडापेक्षा त्याचा गंज जास्त जागा व्यापतो. सेन्सर ज्या जागी बसतो तिथे गंज धरला की तो सेन्सरला खालून उचलतो. अमेरिकेत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात; त्या मिठाने नेमका हाच दोष निर्माण झाल्यामुळे जनरल मोटर्सला २००५ मध्ये १९९९ ते २००२ या वर्षांतील सुमारे ८ लाख पिकअप आणि तत्सम गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. मराठवाड्यात मीठ नाही, पण काळी माती आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधापर्यंत गेलेल्या गाडीच्या हबमध्ये ती चिखल होऊन शिरते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात दगडासारखी होऊन दातांच्या खाचांत बसते. शिवाय सेन्सर हा चुंबकच असल्याने झिजलेल्या ब्रेकची लोखंडी कीस त्याच्या तोंडाला दाढीसारखी चिकटते.

पिवळा दिवा लागलेला असेल तर तपासणीची सुरुवात वेगळी होते. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. अजिबात लागतच नसेल तर आनंद मानू नये. जुनी गाडी विकताना तो दिवाच काढून ठेवण्याची चलाखी काही जण करतात. केवळ पिवळा दिवा लागला असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात, फक्त चाक अडकण्यापासूनचे संरक्षण नसते. पिवळ्यासोबत लाल दिवाही लागला तर हँडब्रेक सुटला आहे ना आणि ब्रेक ऑइल पुरेसे आहे ना हे लगेच पाहावे, आणि कारण कळेपर्यंत गाडी माल भरून रस्त्यावर काढू नये.

त्यानंतर बॅटरी पाहावी. हे मुद्दाम सांगतो, कारण ते कोणी करत नाही. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १४ च्या आसपास व्होल्टेज नसेल, तर कमी विजेवर कंट्रोलर स्वतःच काम थांबवतो आणि दोष मात्र सेन्सरच्या माथी येतो. दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावायचा असेल तर तो चेसिसचे, म्हणजे 'सी' या अक्षराने सुरू होणारे कोड वाचणारा हवा. स्वस्तातली बरीच यंत्रे केवळ इंजिनाचे कोड वाचतात. कोडमुळे चाक कळते, पण दोष सेन्सरचा, तारेचा की रिंगचा हे कळत नाही. कोड पाहून सेन्सर बदलला आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला, ही रड याच कारणाने ऐकू येते.

खरी परीक्षा मल्टिमीटरची. कपलर (तारेची जोडणी) सोडवून सेन्सरच्या दोन टोकांमधला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजला तर जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये तो बहुधा ८०० ते २,५०० ओहमच्या दरम्यान भरतो. दोन्ही बाजूंच्या सेन्सरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे जास्त महत्त्वाचे. मीटर तसाच लावून ठेवून तार हाताने वाकवत जावी. पुढच्या चाकांच्या तारा प्रत्येक वळणाला मुरडतात, त्यामुळे वरचे रबर शाबूत असताना आत तांबे तुटते आणि आकडा मध्येच उडतो. केवळ वळताना किंवा खड्ड्यात दिवा लागत असेल तर संशय आधी इथेच घ्यावा. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून, जॅकवर उचललेले चाक हाताने सेकंदाला एक फेरा या बेताने फिरवावे. अनेक गाड्यांत शंभर मिलिव्होल्टच्या वर आकडा दिसतो. तो प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी घसरत असेल तर रिंगला तडा गेला आहे किंवा दात मोडला आहे. आकडा लहरीप्रमाणे वरखाली होत असेल तर बेअरिंगमध्ये खेळ असण्याची शक्यता मोठी, आणि क्षमतेपेक्षा जास्त कट्टे वाहणाऱ्या गाडीत ती आणखी मोठी. नव्या पद्धतीच्या सेन्सरला मात्र ही ओहमची परीक्षा लावू नये. त्याला आधी वीज पुरवावी लागते आणि त्याची तपासणी निराळी असते.

तारांचा आणखी एक शत्रू शेडमध्ये राहतो. धान्याच्या वासाने आलेले उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि तुटलेली तार नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळली की पहिल्याच पावसात तिथे हिरवा कळंक चढतो. अशी तार डाग देऊन (सोल्डर करून) जोडावी. सेन्सरच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात तो पीळ तसाच राखावा, कारण इतर तारांतून येणारा विजेचा गोंधळ त्यानेच टळतो.

एक दोष असा आहे की तो एबीएसच्या दारात येतो पण तिचा नसतो. अनेक जुन्या पिकअपमध्ये मागच्या एक्सलला दांडीने जोडलेली एक झडप असते. गाडीचे मागचे अंग किती दबले आहे यावरून ती वजन ओळखते आणि मागच्या ब्रेकला तेवढाच दाब देते. आपल्याकडे जास्त माल बसावा म्हणून मागे स्प्रिंगचे एक-दोन पाटे वाढवतात. त्यामुळे भरलेली गाडीही उंचच राहते, झडप तिला रिकामी समजते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. पाटे वाढवले असतील तर ही दांडी पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

दाजींच्या गाडीचे डावीकडचे पुढचे चाक काढले तेव्हा सेन्सरच्या तोंडावर काळ्या मातीचा आणि लोखंडी किसाचा थर होता, आणि बूड गंजाने एका बाजूने उचललेले होते. रोध ठीक होता. गंजरोधक तेल सोडून तासभर थांबल्यावर सेन्सर न मोडता निघाला. बसण्याची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, तोंड केवळ कापडाने पुसले, दातांच्या खाचा ब्रशने मोकळ्या केल्या आणि जागेला पातळ ग्रीस लावले. संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर ताशी २० वरून आठ-दहा वेळा हळूहळू गाडी थांबवून पाहिली, पेडल शांत होते. मग बाजूच्या मुरमाड कच्च्या वाटेवर ३० च्या वेगाने ब्रेक कचकन दाबला. तेव्हा पेडल थरथरले, गुरगुर झाली आणि स्टिअरिंग फिरवले तशी गाडी वळली.