पार्श्वभूमी : पोषण मूल्यमापनाचं काम आणि ‘तीव्र’ या शब्दाचा घोळ

अंगणवाड्या १९७५ पासून आहेत आणि मुलांची वजनंही तेव्हापासून होतात. पण ती बराच काळ रजिस्टरातच राहिली. मेळघाट, जव्हार, मोखाड्यातल्या बालमृत्यूंवरून रान पेटलं, २००५ मध्ये राज्यात माता-बाल पोषणाचं स्वतंत्र मिशन निघालं, आणि पाड्यावर जाऊन आकडे पडताळणाऱ्या माणसांची गरज खऱ्या अर्थाने भासू लागली. समाजकार्य किंवा गृहविज्ञान शिकून या कामात येणाऱ्याला आजही पहिली अडचण येते ती एका शब्दाची : ‘तीव्र’.

जुन्या अंगणवाडी सेविका अजून ‘ग्रेड तीन-चार’ म्हणतात. ती १९७२ ची वर्गवारी. वयाच्या मानाने जे वजन हवं, त्याच्या ६० टक्के किंवा त्याहून कमी भरलं की मूल तीव्र कुपोषित. पुढे २००६ मध्ये भारतासह सहा देशांतल्या मुलांवरून नवे जागतिक वाढमानक आले आणि २००८ पासून आपल्या अंगणवाड्यांत लागू झाले. त्यात तीव्रतेची रेषा वर सरकली. काल जे मूल ‘मध्यम’ होतं, ते तेवढ्याच वजनावर आज ‘तीव्र’ ठरलं. जुन्या-नव्या आकड्यांची थेट तुलना करून ‘कुपोषण वाढलं’ म्हणणं तेव्हाही चूक होतं, आजही आहे.

खरा गुंता त्यानंतरचा. उपचार केंद्रात दाखल करायचं ते ‘सॅम’ (सिव्हिअर अक्यूट मालन्यूट्रिशन, इथेही ‘तीव्र’च) मूल, म्हणजे उंचीच्या मानाने वजन फार कमी, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत किंवा दोन्ही पायांवर सूज. वयाचा इथे संबंध नाही. आता दोन वर्षं पूर्ण झालेली एक मुलगी घ्या : वजन ७.९ किलो, उंची ७४ सेंटिमीटर. वयाप्रमाणे ती तीव्र कमी वजनाची. पण खुजी असल्यामुळे उंचीप्रमाणे तिचं वजन ठीक दिसतं. सूज नसली, दंड भरला, तर ती ‘सॅम’च्या यादीत येत नाही. मासिक अहवालातल्या ‘तीव्र कमी वजन’ आणि ‘सॅम’ या दोन रकान्यांपैकी फक्त ‘सॅम’चा वाचून तीव्र कुपोषण घटल्याचं जाहीर करणं माझ्या मते या मुलीवर अन्याय आहे.

सेविकेला मात्र वजनावर चालणं भाग असतं. साल्टर काटा आढ्याला टांगला, झोळीत मूल हातपाय झाडतंय, सुई थांबत नाही, आणि शंभर ग्रॅमच्या रेघा वाचायच्या. जन्मतारीख नसेल तर आईला विचारायचं, ‘होळीच्या आधी झाली की नंतर?’ दोन महिन्यांची चूक झाली तरी रकाना बदलतो. उंची घ्यायला दोघं लागतात, एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबायचे. एकटी सेविका ते कसं करणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातला पाच वर्षांखालचा खुजेपणा २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होता. २०१५-१६ मध्ये तो ३४.४ वर आला आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ वर अडला. उंचीच्या मानाने अतिशय रोडावलेली मुलं त्याच तीन पाहण्यांत ५.२, ९.४, १०.९ टक्के अशी वाढत गेली. खुजेपणा वर्षानुवर्षांच्या उपासमारीचा आणि आजारपणाचा हिशेब सांगतो. रोडावणं मात्र एका जुलाबाने, एका पावसाळ्यानेही बदलतं. म्हणून अहवाल हाती आला की मी टक्केवारीच्या आधी वजनं कोणत्या महिन्यात घेतली ते बघते.