‘पेपर’ असले म्हणजे पिल्लू निरोगी, हे आपल्या डोक्यात कुठून आलं

जळगाव-धुळ्याकडे कोणी लॅब्रेडॉर नाहीतर जर्मन शेफर्ड कुत्र्याचं पिल्लू आणलं की पहिला प्रश्न, "पेपर शेतस ना?" पेपर, म्हणजे जातीच्या नोंदणीचे कागद, आहेत म्हणजे पिल्लू ठणठणीत, असं धरूनच चालतात सगळे.

इंग्लंडात 1873 ला केनेल क्लब, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था, निघाला, पुढच्याच वर्षी त्यांचं स्टडबुक, म्हणजे नोंदवही, आलं. कुत्र्याचे आई-बाप कोण, शोमध्ये नंबर कोणाचा, असली नोंद त्यात, तब्येतीचा विषयच नव्हता. आपल्याकडे पेपर आले ते याच पद्धतीचे, म्हणजे वंशावळ. मोठ्या जातींत खुब्याचा सांधा नीट बसत नाही आणि ते आई-बापाकडून उतरतं, पण खुब्याचे एक्सरे तपासून नोंद ठेवणारी संस्था अमेरिकेत निघाली ती 1966 ला. मधे नव्वद वर्षं गेली राव!

आपल्या खान्देशात तर साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ मेंढ्यांमागे कुत्रे ठेवतात, त्यांचं ज्ञान तोंडी, मेंढ्यांच्या वाड्यावरचं. सरकारी दवाखाना म्हणजे गुरांचा दवाखाना, तिथे बैल-म्हैस आधी, कुत्र्याचं नाव निघायचं ते पिसाळलं की. कसौलीला 1911 मध्ये सेंपल नावाच्या डॉक्टरने काढलेली मेंढीच्या मेंदूपासूनची रेबीजची लस, तीच ती पोटातली 14 इंजेक्शनं, जुन्या लोकांना अजून आठवतात. त्यामुळे कुत्रा चावल्यावर माणसाने काय करायचं हे घराघरात माहीत, पण कुत्रंच आजारी पडलं तर काय, हे सांगणारं कोणी नाही.

त्यात 1978 च्या सुमाराला पार्व्हो हा कुत्र्यांचा नवाच रोग जगात पसरला, म्हाताऱ्यांकडे त्याचं उत्तर असणार कुठून? आमचं पिल्लू मे महिन्यात उलट्या करायला लागलं तर सगळे म्हणाले ऊन लागलं, आम्ही ताक पाजत बसलो, रक्ताची जुलाब झाली तेव्हा डॉक्टरकडे पळालो, तिसऱ्या दिवशी गेलं. पेपर होते त्याचे. लस दिली होती का, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं, अजून जीव तुटतो आठवलं की.

ब्रीडिंगचे केंद्राचे नियम आले 2017 ला. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, 8 आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय लावायची नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात 5. आता कोणी पिल्लू घ्यायचं म्हटलं की मी आधी नोंदणी नंबर आणि लसीचं कार्ड मागायला लावतो, आणि पिल्लाची आई समोर आणून दाखवा म्हणून सांगायला लावतो.