दुवा हाताने लिहू नका, नावाने मागा

वेबसाइटच्या टेम्पलेटमध्ये (पानाचा आराखडा असलेल्या फायलीत) ‘/लेख/42’ असा दुवा हाताने लिहिला तरी चालतो. पुढे पत्ता ‘/लेखन/42’ करायचं ठरलं की पन्नास फायलींत शोधाशोध सुरू होते, एखादी जागा राहून जाते आणि तिथे 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, दिसतो.

खरं तर दुवा बनवण्याचं काम रूटिंगच्या तक्त्यालाच, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या फंक्शनकडे जातो त्या यादीला, सांगता येतं. तक्त्याच्या एका ओळीत पत्त्याचा साचा असतो, ‘/लेख/<क्रमांक>’. सोबत तो हाताळणारं फंक्शन आणि रूटचं नाव, समजा ‘लेख-तपशील’. विनंती आली की साच्यावरून फंक्शन सापडतं. तक्ता उलटाही वाचता येतो: नाव आणि 42 दिले की तयार पत्ता मिळतो. जँगो आणि फ्लास्क ही पायथनमधली वेब फ्रेमवर्क; जँगोत हे ‘रिव्हर्स’ करतं, फ्लास्कमध्ये ‘यूआरएल_फॉर’. साचा बदलला की आतले सगळे दुवे आपोआप बदलतात. बाहेर पसरलेल्या जुन्या पत्त्यांसाठी मात्र 301 रिडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून नव्या पत्त्याकडे पाठवणं) आपणच लावायचा.

गाडी अडते ती बहुधा पॅरामीटरपाशी, म्हणजे साच्यात भरायच्या 42सारख्या मूल्यापाशी. जँगो ‘नो-रिव्हर्स-मॅच’ म्हणून ओरडला की लोक तक्ता तपासत बसतात. आधी त्रुटीतला आर्ग्युमेंट (दिलेलं मूल्य) पाहा. रिकामं अवतरण असेल तर टेम्पलेटमधल्या व्हेरिएबलचं नाव बहुधा चुकलंय. ‘नन’ (None, म्हणजे मूल्यच नाही) असेल तर रेकॉर्ड अजून सेव्ह झालेलं नसावं. फ्लास्क इथे जास्त फसवा: साच्यात नसलेला पॅरामीटर तो मुकाट्याने प्रश्नचिन्हापुढे जोडतो.

दुवा बरोबर असूनही भलतंच पान उघडतं, तेव्हा तक्त्यातला क्रम बघावा. जँगो आणि रूबीतलं रेल्स वरून खाली पहिला जुळणारा साचा घेतात. ‘/लेख/<शीर्षक>’ वर असेल तर खालच्या ‘/लेख/नवीन’पर्यंत विनंती पोचतच नाही.

शीर्षकाचे तुकडे हाताने चिकटवणं तर टाळाच. ‘लेख’ या एवढ्याशा शब्दाचे यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 9 बाइट होतात आणि पत्त्यात एन्कोड केल्यावर (प्रत्येक बाइट ‘%E0’सारखा लिहून) 27 चिन्हं. शीर्षकात प्रश्नचिन्ह आलं तर पत्ता तिथेच तुटतो. फ्रेमवर्क हे सगळं नीट एन्कोड करून देतं.

ईमेलमध्ये नुसता मार्ग पुरत नाही, डोमेनसह पूर्ण पत्ता लागतो. रेल्समध्ये त्यासाठी ‘_पाथ’ऐवजी ‘_यूआरएल’ने संपणारी मदतनीस मेथड वापरतात. डोमेन मात्र सेटिंगमधून घ्यावं. आलेल्या विनंतीच्या होस्ट हेडरवर (डोमेन सांगणाऱ्या ओळीवर) ते सोपवलं, तर कुणीही खोटं हेडर पाठवून पासवर्ड बदलण्याचा दुवा स्वतःच्या डोमेनकडे वळवू शकतो.