कोलिस्टिनपुढे ‘आर’ दिसला म्हणजे सुपरबग नव्हे

स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूबद्दल नव्यानं काय सांगायचं? व्हेंटिलेटर, भाजलेल्या जखमा, कॅथेटर, हिरवट पू. आयसीयूत काम केलेल्या माणसाला तो पाठ असतो. घोळ होतो बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलीशी. हा माती-पाण्यातला जंतू, मेलिऑइडोसिस हा गंभीर संसर्ग करणारा; गाठतो बहुतेकदा मधुमेह्यांना, तेही पावसाळ्यात. उडुपी-मणिपालकडचे डॉक्टर त्याला चांगले ओळखून आहेत. 1992 पर्यंत त्याचं आडनावही स्यूडोमोनासच होतं. दोघेही ग्रॅम-निगेटिव्ह, दोघेही ऑक्सिडेज पॉझिटिव्ह; म्हणजे लॅबच्या या प्राथमिक चाचण्यांत दोघे सारखेच. जंतू वाढवायच्या प्लेटवर, ती जुनी झाली की, स्यूडोमॅलीच्या वसाहतींना सुरकुत्या पडतात, पण पहिल्या दिवशी त्यावर विसंबू नका. आणि वासावरून ओळखायला प्लेट हुंगू तर अजिबात नका. ही खोड लॅबमधून कधी जाणार कोण जाणे.

खरी गोम औषधांच्या रकान्यात आहे. जेंटामायसिन ‘आर’, कोलिस्टिन ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही) असं दिसलं की वॉर्डात “सुपरबग आला” असा गलका होतो. स्यूडोमोनासच्या बाबतीत तो समजू शकतो. मुळात तो या दोन्हींना बधतो. औषधांचा मारा सोसत सोसत निबर होतो. स्यूडोमॅली मात्र उपजतच तसा. जेंटामायसिन आत शिरलं की त्याचे पंप ते उपसून बाहेर टाकतात, आणि कोलिस्टिनला त्याच्या बाहेरच्या आवरणावर धड चिकटताच येत नाही. भाताच्या खाचरातून थेट आलेला, उभ्या जन्मात कोलिस्टिन न पाहिलेला जंतूसुद्धा असाच निघतो. (मलेशियातल्या सारावाकमध्ये जेंटामायसिनला बधणारे सापडतात, ते अपवाद.)

आता अ‍ॅमॉक्सिक्लॅव. इथे पारडं उलटं फिरतं: स्यूडोमोनास त्याला उपजतच जुमानत नाही, स्यूडोमॅली सहसा जुमानतो. तिन्ही औषधांच्या डिस्क, म्हणजे औषध लावलेल्या चकत्या, जंतू पसरलेल्या एका प्लेटवर ठेवून बघा. जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला अगदी खेटून वाढ, अ‍ॅमॉक्सिक्लॅवभोवती मात्र वाढ नसलेला स्वच्छ गोल. असं दिसल्यावरही ‘स्यूडोमोनास स्पीशीज’ (स्यूडोमोनासपैकी कुठलातरी) लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. अशा वेळी फोन उचलून डॉक्टरांना विचारायचं: पेशंटला मधुमेह आहे का, शेतात काम करतो का?

कारण उपचाराचा हिशेबच वेगळा. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान 10 ते 14 दिवस, मग कोट्रायमोक्झाझोलच्या गोळ्या निदान 3 महिने. स्यूडोमोनास समजून आठवड्यात घरी पाठवलेला रुग्ण तापानं फणफणत परत येऊ शकतो.

अडचण अशी, की स्यूडोमोनाससाठी तपासायच्या औषधांच्या ठरलेल्या यादीत (पॅनलमध्ये) अ‍ॅमॉक्सिक्लॅवची डिस्क नसतेच. ती आठवणीनं वेगळी ठेवावी लागते.